पान्याच्या दांड्यावर कोरलेला युरोप

एखाद्या जुन्या इंग्रजी पान्याच्या दांड्यावर '१/४ डब्ल्यू' असे कोरलेले असते. पाव इंच. पण पट्टी घेऊन त्याच्या तोंडाचे माप घेतले तर ते पाव इंच भरत नाही. अर्ध्या इंचाहूनही किंचित अधिक, नेमके ०.५२५ इंच भरते. मग पाव इंच आहे तरी काय? शिवाय त्याच टोकाला पुष्कळदा '५/१६ बी. एस.' असेही लिहिलेले आढळते. एका तोंडाला दोन मापे, आणि त्यांपैकी एकही त्या तोंडाचे नव्हे! हे कोडे सोडवायचे तर मँचेस्टरपासून रेमशाइडपर्यंत आणि स्वीडनमधील एन्शोपिंगपासून थेट पुण्याच्या आकुर्डीपर्यंत जावे लागते. आजचा धागा त्या प्रवासाचा आहे.

युरोपात मेस्त्रींची जुनी हत्यारे जमवणारा, ती शेजारी शेजारी ठेवून पारखणारा संग्राहकांचा मोठा वर्ग आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने या छंदाकडे नाक मुरडण्याचे कारण नाही. नाण्यावर राजाचे नाव असते, ताम्रपटात दात्याचे. पान्यावर गाव असते, कारखाना असतो, पोलादाची जात, पेटंटची नोंद, प्रमाणक क्रमांक आणि क्वचित लष्कराची खूणही असते. एवढा बोलका पुरावा हातात मावतो, आणि तो खोटे बोलतो तेव्हाही काहीतरी सांगून जातो.

प्रथम पाव इंचाचे कोडे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नट आणि बोल्ट ही जोडप्याने जन्माला येत. एका कारखान्यात पाडलेले आटे दुसऱ्या कारखान्यातील आट्यांशी जुळत नसत. अनेकदा एकाच कारखान्यातील दोन बोल्टही परस्परांचे नट स्वीकारत नसत. यंत्र उघडताना कोणता नट कोणत्या बोल्टचा, याच्या खुणा करून ठेवाव्या लागत. खूण चुकली की दिवस वाया गेला. लंडनच्या हेन्री मॉडस्ले याने आटे पाडण्याच्या लेथमध्ये सुधारणा करून आपल्या कारखान्यापुरती शिस्त आणली. त्याच्याच हाताखाली काही काळ काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ या तरुणाने ती शिस्त देशाला लावायचे ठरवले.

व्हिटवर्थने १८३३ साली मँचेस्टरमध्ये स्वतःचा कारखाना काढला. १८४१ मध्ये लंडनच्या 'इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स'पुढे त्याने आट्यांच्या एकसमान पद्धतीवर निबंध वाचला. त्याची रीत मोठी व्यवहारी होती. निरनिराळ्या कारखान्यांतून चालू वापरातले स्क्रू त्याने गोळा केले, त्यांची मापे घेतली आणि सरासरी काढली. आट्यांचा कोन ५५ अंश ठरवला आणि बोल्टच्या प्रत्येक जाडीला इंचामागे किती आटे असावेत हे नेमून दिले: पाव इंचाला २०, अर्ध्या इंचाला १२, एक इंचाला ८. ही पद्धत सर्वोत्तम होती म्हणून टिकली असे म्हणता येत नाही. तिच्यात कोणत्याही कारखानदाराला आपला पूर्ण पराभव दिसला नाही, हे तिचे खरे बळ होते. प्रमाणीकरणाच्या इतिहासात हा गुण फार दुर्मीळ आहे.

व्हिटवर्थच्या जगात महत्त्वाची गोष्ट होती बोल्टची जाडी. म्हणून पान्यावरही बोल्टचीच जाडी लिहीत. '१/४ डब्ल्यू' याचा अर्थ 'पाव इंच जाडीच्या व्हिटवर्थ बोल्टच्या डोक्याला बसणारा पाना'. त्या डोक्याची समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधील रुंदी ०.५२५ इंच. कोड्याचा पहिला अर्धा भाग इथे सुटतो.

दुसरा अर्धा भाग पुढच्या शतकातला. मोटारी आल्या, हादरे वाढले, जाड आट्यांचे नट सैल पडू लागले. म्हणून १९०८ मध्ये बारीक आट्यांची ब्रिटिश पद्धत आली आणि तिच्यात डोकी एका मापाने लहान धरली गेली. ५/१६ इंचाच्या बारीक आट्यांच्या बोल्टला तेच ०.५२५ इंचाचे डोके मिळाले. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचवण्यासाठी मूळ व्हिटवर्थ बोल्टचीही डोकी एका मापाने उतरवली गेली. परिणामी जुन्या पाव इंची पान्याने नव्या पाव इंची बोल्टचे डोके पकडता येईना. एका डोक्यामागे वाचणारे लोखंड चिमूटभर, पण बोल्ट कोट्यवधी. दांड्यावरची दुहेरी मापे ही त्या काटकसरीची नोंद आहे.

जाता जाता एक गंमत. अत्यंत लहान स्क्रूंसाठी ब्रिटिशांनी १८८४ च्या सुमारास 'ब्रिटिश असोसिएशन' नावाची पद्धत स्वीकारली. नाव पक्के ब्रिटिश. पण मूळ जिनिव्हाच्या थुरी यांच्या घड्याळी स्क्रूंच्या पद्धतीत, आणि मापे चक्क मिलिमीटरमध्ये. शून्य क्रमांकाचा स्क्रू ६ मिलिमीटर जाड, त्याच्या आट्यांमधील अंतर १ मिलिमीटर. इंचासाठी जन्मभर भांडणाऱ्या साम्राज्याच्या विद्युत उपकरणांत आणि मोटारींच्या घड्याळांत मीटर असा गुपचूप राहत होता.

व्हिटवर्थचे उत्तर होते: सगळ्यांचे नट सारखे करा. याच्या नेमके उलट उत्तरही त्या काळात दिले गेले: नट हवे तसे असू द्या, पानाच बदलता ठेवा.

स्क्रू फिरवून तोंड लहानमोठे करता येणारे पाने इंग्लंडमध्ये १८४० च्या दशकापासून होते. ग्लॉस्टरशायरचा रिचर्ड क्लायबर्न आणि गवत कापण्याचे यंत्र शोधणारा एडविन बडिंग यांची नावे त्या संदर्भात घेतली जातात. परंतु आज प्रत्येक नळ दुरुस्त करणाऱ्याच्या पिशवीत जो स्क्रू पाना असतो, त्याचे रूप स्वीडनमध्ये स्थिरावले. योहान पेटर योहान्सन (१८५३–१९४३) याने १८८६ साली एन्शोपिंग या गावात छोटा यांत्रिक कारखाना काढला. दुरुस्तीला जाताना त्याला अडचण एकच होती. प्रत्येक कारखान्याचे नट वेगळे, त्यामुळे पान्यांचे ओझे घेऊन हिंडावे लागे. १८८८ मध्ये त्याने पाइप पान्याचे पेटंट घेतले आणि १८९२ मध्ये स्क्रू पान्याचे. विक्रीची जबाबदारी बी. ए. योर्थ यांच्या कंपनीने उचलली. त्या कंपनीच्या आद्याक्षरांतून 'बाहको' हे नाव तयार झाले. हयातीत योहान्सनच्या नावावर शंभराहून अधिक पेटंटे जमा झाली.

स्क्रू पान्याला कसलेले मेस्त्री आजही फारसा मान देत नाहीत. हलते तोंड किंचित डगमगते, नटाच्या कडा मारल्या जातात, आणि एकदा नट गोल झाला की पुढे छिन्नी आणि घण. हा आक्षेप रास्त आहे. पण ज्या जगात नटांची मापे एकमेकांशी बोलत नव्हती, त्या जगातला तो सर्वांत प्रामाणिक पाना होता. प्रमाणीकरण पूर्णत्वाला गेले असते तर तो केव्हाच अडगळीत पडला असता. त्याचा शंभर वर्षांहून अधिक काळ झालेला अखंड खप हाच प्रमाणीकरण अपुरे राहिल्याचा पुरावा आहे.

या पान्याला कोण काय म्हणते, हेही पाहण्यासारखे आहे. फ्रेंच लोक त्याला 'क्ले आंग्लेझ', म्हणजे इंग्रजी चावी म्हणतात. इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि तुर्कही त्याला इंग्रजी चावीच म्हणतात. डॅनिश लोक त्याला स्वीडिश चावी म्हणतात. जर्मन कामगारांच्या बोलीत अशा पान्याच्या दोन जुन्या प्रकारांना 'एंग्लेंडर' आणि 'फ्रान्सोझे' अशी नावे पडली, म्हणजे अनुक्रमे 'इंग्रज' आणि 'फ्रेंच माणूस'. आपल्या दारात हत्यार प्रथम कोणत्या दिशेने आले, याची स्मृती प्रत्येक भाषेने जपली आहे.

आणि इथे मराठीचा एक खरा धागा जुळतो. युरोपातील बहुतेक भाषांत पान्याला 'चावी' म्हणतात. पोर्तुगीज भाषेतील शब्द आहे 'शावे'. कुलपाची ती शावे आणि नटाचीही शावे. आपल्या मराठीत 'चावी' हा शब्द पोर्तुगीजांकडूनच आला. मात्र येताना त्याने कुलूप तेवढे बरोबर आणले, नट मागेच ठेवले.

षट्कोनी खाचेच्या 'एलन की'चीही तीच कथा. भारतात आणि इंग्लंडमध्ये तिला अमेरिकेतील हार्टफर्डच्या ॲलन कंपनीचे नाव लागले. जर्मनीत ती 'इनबुस' झाली: नॉइस गावच्या बाउअर आणि शाउर्ट या कंपनीने १९३० च्या दशकात 'आतून षट्कोनी स्क्रू' या अर्थाच्या जर्मन शब्दाची आणि आपल्या नावांची आद्याक्षरे जोडून हा शब्द बनवला. जर्मन माणसे तो सर्रास 'इम्बुस' असा चुकीचा उच्चारतात. इटलीत तीच वस्तू लिसोनेच्या एजिदिओ ब्रुगोला यांच्या नावाने 'ब्रुगोला' म्हणून ओळखली जाते. वस्तू एक, बारसे तीन देशांत तीनदा.

आता जर्मनीकडे वळू, कारण संग्राहकांच्या पेटाऱ्यात सर्वाधिक जागा जर्मन पान्यांनीच व्यापलेली असते.

कोलोनच्या ईशान्येला बेर्गिश प्रदेश आहे. उतारांचा, पावसाचा, शेतीला फारसा उपयोगी नसलेला. वुपर नदीला मिळणाऱ्या ओढ्यांवर तिथे शतकानुशतके पाण्याच्या चाकावर घण चालत. झोलिंगेनने सुरे आणि तलवारी घेतल्या, रेमशाइडने हत्यारे. काम घराघरांतून विभागलेले असे. एक कुटुंब ठोकणारे, दुसरे धार लावणारे, तिसरे कानशीला दात पाडणारे. माल गोळा करून जगभर पाठवणारा व्यापारी वेगळाच. पोलादी नळ्या सांध्याशिवाय तयार करण्याची रीत शोधणारे मानेसमान बंधू रेमशाइडच्याच कानस कारखानदाराच्या घरात वाढले.

कानशीबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे. पाना हे मेस्त्रीचे हत्यार खरे, पण त्याचे पहिले हत्यार कानस. यंत्रे येण्यापूर्वी कानशीचा प्रत्येक दात छिन्नी-हातोडीने हाताने पाडला जाई, आणि पाते उलटवल्यावर आधीच पाडलेले दात बोथट होऊ नयेत म्हणून ते शिशाच्या ठोकळ्यावर ठेवले जाई. शिशाची धूळ बोटांना लागे, बोटे तोंडाला लागत. शेफिल्डच्या कानस कारागिरांत शिशाच्या विषबाधेने हातातील बळ जाणे हे नित्याचे दुखणे होते. तिथल्याच कोरड्या सहाणेवर धार लावणाऱ्यांची फुप्फुसे दगडाच्या आणि पोलादाच्या धुळीने भरत आणि ती माणसे ऐन उमेदीत मरत. सुबक जुनी कानस हाती आली की तिच्या दातांची एकसारखी ओळ पाहून संग्राहक हरखतो. ती ओळ ज्या मनगटाने पाडली, त्याचे पुढे काय झाले हेही त्या ओळीत लिहिलेलेच आहे.

शेफिल्ड आणि रेमशाइड-झोलिंगेन यांचे वैर हा या कथेचा मधला अंक. अठराव्या शतकाच्या मध्यावर शेफिल्डच्या बेंजामिन हंट्समनने मुशीत वितळवून एकजिनसी पोलाद काढण्याची रीत बसवली. त्यानंतर शेफिल्डचे नाव म्हणजेच दर्जा, असे समीकरण झाले. जर्मन कारखानदारांनी त्या नावाचा सोपा उपयोग केला: हलक्या मालावर शेफिल्डचे शिक्के मारून तो विकायला काढला. जर्मन मालाची अब्रू त्या काळी इतकी खालावली होती, की १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनातून फ्रान्झ रॉयलो या जर्मन यंत्रशास्त्रज्ञानेच मायदेशी पत्रे लिहून आपल्या उद्योगाचे सूत्र 'स्वस्त आणि वाईट' असे सांगितले. परक्याने म्हटले असते तर भांडण झाले असते. घरच्याने म्हटल्यामुळे मात्र झोंबले.

शेफिल्डच्या तक्रारींना यश येऊन १८८७ साली ब्रिटिश संसदेने मालावरील खुणांचा कायदा केला. ब्रिटिश वाटेल अशी खूण असलेल्या परदेशी मालावर आता मूळ देशाचे नाव घालणे आले. 'मेड इन जर्मनी' हे शब्द असे जन्मले. ते कलंक म्हणून मारायचे होते. दोनच वर्षांनी, १८८९ मध्ये, ब्रिटिश हिंदुस्थानातही तशाच प्रकारचा कायदा लागू झाला, त्यामुळे मुंबई बंदरात उतरणाऱ्या जर्मन कात्र्या आणि कानशींवरही उगमस्थान छापले जाऊ लागले.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. जर्मनांनी पोलाद सुधारले, घडाईत साचे आणले, आणि ग्राहकाला जो माल आवडला त्याच्यावर कोणत्या देशाचे नाव आहे हे वाचण्याची सोय शेफिल्डनेच करून ठेवली होती! १८९६ मध्ये अर्नेस्ट विल्यम्स या इंग्रज पत्रकाराने 'मेड इन जर्मनी' याच नावाचे पुस्तक लिहून देशबांधवांना घाबरवले, तेव्हा कलंकाचे बिरूद होऊन गेले होते. संरक्षणासाठी केलेल्या कायद्याने प्रतिस्पर्ध्याला फुकटची जाहिरात मिळवून देण्याचे याहून चोख उदाहरण सापडणे कठीण.

आज संग्राहक ज्या जर्मन नावांमागे धावतात ती बहुतेक या एकाच टापूतील. एडुआर्ड विले यांनी १८६२ मध्ये क्रोनेनबेर्ग येथे सुरू केलेले 'श्टालविले'. हेरमान त्सेर्व्हर यांनी १८६८ मध्ये रेमशाइडला काढलेले 'हाझेट', म्हणजे त्यांच्याच नावातील एच आणि झेड या अक्षरांचा जर्मन उच्चार. पकडींसाठी प्रसिद्ध असलेले, १८८२ चे 'क्निपेक्स', तेही क्रोनेनबेर्गचेच. आणि १९१९ मध्ये तिघा डोविडाट बंधूंनी स्थापलेले 'गेडोरे', ज्याच्या नावात 'डोविडाट बंधू, रेमशाइड' एवढा सगळा पत्ता दडलेला आहे. फ्रान्सने उत्तरादाखल १९१८ मध्ये पॅरिसचे 'फाकोम' उभे केले. त्याच्या नावातील पहिली दोन अक्षरे 'फ्रँको-अमेरिकन' या शब्दांची आहेत. अमेरिकन पद्धतीचे उत्पादन फ्रान्समध्ये आणण्याची हौस त्यातून दिसते.

ही हत्यारे शेजारी ठेवली की काय दिसते? जुना इंग्रजी पाना जाड आणि वजनदार. त्याचे तोंड फाकू नये म्हणून कारागिराने लोखंडाची भर घातलेली. दोन महायुद्धांच्या दरम्यान क्रोम-व्हॅनेडियम पोलाद रुळले आणि जर्मन पान्याच्या भिंती पातळ झाल्या. तेवढेच बळ कमी धातूत मावू लागले. पातळपणाची किंमत पैशापेक्षा मोठी आहे, कारण इंजिनाच्या कोपऱ्यात अडकलेल्या नटाभोवती जागा बोटभरही नसते. मात्र पोलाद फार कडक झाले तर पाना तडकतो आणि मऊ राहिले तर तोंड फाकते. या दोहोंच्या मधली अरुंद पट्टी कोणाला साधली, हीच खरी तुलना. चकचकीत मुलामा पाहून भुलणारा संग्राहक नवखा समजावा. जाणकार आधी तोंडाच्या आतील दोन्ही सपाट बाजू पाहतो.

उघड्या तोंडाचा पाना दांड्याशी सरळ नसून १५ अंशांनी कललेला असतो, हे अनेकांनी पाहिले असेल. कारण क्वचितच विचारले जाते. षट्कोनी नट ६० अंशांनी फिरला की पुन्हा तसाच दिसतो. कललेला पाना एकदा सुलटा आणि एकदा उलटा करून लावला, की प्रत्येक वेळी ३० अंशांचीच जागा पुरते. मोठ्या नटाच्या पान्याचा दांडा लांब आणि लहान नटाचा आखूड, यातही शहाणपण आहे. लहान बोल्टवर जास्त जोर लावताच येऊ नये, अशी ती मूक व्यवस्था असते. तिच्यावर नळी चढवून दांडा लांब करणारे मेस्त्री आपल्याकडे कमी नाहीत, आणि आटे गेले म्हणून हळहळणारेही तेच.

काळ ओळखण्यासाठी खुणा वाचाव्या लागतात. जर्मन पान्यावर 'डी. आर. जी. एम.' ही अक्षरे असतील तर तो १८९१ नंतरचा, कारण उपयुक्त नमुन्यांची ती नोंदणी त्या वर्षी सुरू झाली. 'डिन' आणि पुढे आकडा असेल तर तो पहिल्या महायुद्धानंतरचा. जर्मन प्रमाणक संस्था १९१७ मध्ये स्थापन झाली ती युद्धसामग्रीच्या निकडीतूनच. ब्रिटिश पान्यावर तीन रेघांचा बाण आणि त्याखाली साल असेल तर ते सरकारी लष्करी मालमत्तेचे चिन्ह.

आणि काही जर्मन हत्यारांवर कारखान्याच्या नावाऐवजी केवळ तीन लहान अक्षरे असतात. युद्धकाळात लष्करी मालाचा उत्पादक शत्रूला कळू नये म्हणून दिलेले ते संकेत. त्या वर्षांत जर्मन धातुउद्योगात परदेशांतून धरून आणलेले लाखो मजूर सक्तीने राबत होते. १९४३ च्या ३१ जुलैच्या रात्री बाँबफेकीत रेमशाइडचे मध्यवर्ती शहर जळाले आणि हजाराहून अधिक माणसे मेली. लष्करी खुणेच्या वस्तूला बाजारात चढा भाव मिळतो, म्हणून अशा खुणा मागाहून ठोकल्याही जातात. संग्रहाच्या छंदाची ही काळी बाजू आहे. तीन अक्षरांसाठी जादा पैसे मोजणाऱ्याने त्या अक्षरांमागचे हात कोणाचे असू शकतात, हे जाणून घेतल्यावाचून मोजू नयेत.

युद्धानंतरची काही वर्षे 'ब्रिटिश झोन' किंवा 'यू. एस. झोन' असे लिहिलेली जर्मन हत्यारे येतात. मग १९९० पर्यंत 'वेस्ट जर्मनी'. पलीकडे थुरिंगियातील श्माल्काल्डेन हे तितकेच जुने हत्यारांचे गाव पूर्व जर्मनीत गेले आणि तिथली 'स्माल्काल्डा' ही मुद्रा समाजवादी देशांत पसरली. पश्चिमेत फोक्सवॅगन बीटलच्या सुट्या चाकाच्या पोकळीत बरोबर बसेल असा हाझेटचा गोल डबा निघाला. आज तो डबा, आतल्या सगळ्या पान्यांसह शाबूत सापडणे म्हणजे संग्राहकाची दिवाळी. पाने गाडीसोबत विकायचे आणि मालकाने ते वापरायचे, हा काळ होता, हेच आता पुराव्यानिशी सांगावे लागते.

दरम्यान व्हिटवर्थचे साम्राज्य ढासळत होते. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्येच ६० अंशांचे, सपाट माथ्याचे आटे मांडले होते, कारण ते साधा कामगारही साध्या हत्यारांनी पाडू शके. १८९८ मध्ये झुरिक येथील परिषदेने मेट्रिक आट्यांसाठीही ६० अंशच घेतले. ब्रिटन आपल्या ५५ अंशांना धरून बसले. याचे मोल दुसऱ्या महायुद्धात कळले. अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने रोल्स-रॉईसचे मर्लिन इंजिन बांधायला घेतले, तेव्हा तिला ब्रिटिश आट्यांचे नट-बोल्टही मुद्दाम स्वतः करावे लागले. १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टनमध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी एकत्रित आट्यांचा करार केला. पान्यावर आता बोल्टची जाडी न लिहिता तोंडाचीच रुंदी इंचात लिहिली जाऊ लागली. १९६५ पासून ब्रिटिश उद्योग मेट्रिककडे वळला.

मेट्रिक म्हणजे सगळे एक, हा समजही खरा नव्हे. १० मिलिमीटर जाडीच्या बोल्टला जुन्या जर्मन प्रमाणानुसार १७ चा पाना लागतो, आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार १६ चा, जपानी प्रमाणानुसार १४ चा. म्हणून जुन्या युरोपीय संचात १७ आणि १९ झिजलेले असतात, तर १६ आणि १८ बहुधा कोरे.

ही सारी भांडणे भारतात एका गल्लीत येऊन उभी राहिली. १९५५ पासून मद्रासमध्ये जोडली जाणारी रॉयल एनफिल्ड बुलेट आपल्याबरोबर व्हिटवर्थ घराण्यातील नट घेऊन आली. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेल्या ॲम्बॅसडरला इंची मापाचे नवे पाने लागत. मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट मेट्रिक, पण युरोपीय मेट्रिक. १९८३ मध्ये मारुती आली आणि तिने १०, १२ आणि १४ ही जपानी मापे आणली. संसदेने वजने आणि मापांचा कायदा १९५६ मध्ये केला खरा, पण गाड्यांच्या पोटातील बोल्टांना तो कोण वाचून दाखवणार? बुलेटच्या ०.५२५ इंची नटावर १३ चा पाना बसत नाही आणि १४ चा सैल होतो. जुन्या बुलेटवरचे कितीतरी नट गोल झालेले दिसतात, त्यात मेस्त्रीच्या हलगर्जीपणाइतकाच १८४१ च्या त्या निबंधाचाही वाटा आहे.

पाने बनवण्याचे काम मग इथेही रुजले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस नाशिकमध्ये टपारिया टूल्सचा कारखाना स्वीडिश तांत्रिक सहकार्याने उभा राहिला. योहान्सनच्या देशाची विद्या अशी गोदाकाठी आली आणि मराठी मेस्त्रीच्या पेटीत देशी स्क्रू पाना आला.

पुण्याच्या जुन्या बाजारात लोखंडाच्या ढिगात हात घातला तर हे सगळे थर एकत्र मिळतात. त्यांत एक पाना असा असतो, की नवशिक्या संग्राहक तो बाजूला टाकतो: ११ मिलिमीटरचा. जपानी गाड्यांना तो फारसा लागत नाही, जर्मन गाड्यांना क्वचितच. पण इटलीच्या पियाजिओने व्हेस्पाच्या इंजिनासाठी ७ मिलिमीटरचे आडनिडे बोल्ट निवडले होते आणि त्यांच्या डोक्यांना ११ चाच पाना लागे. १९६० पासून बजाजने पियाजिओच्या परवान्याने व्हेस्पा बनवली, आकुर्डीचा कारखाना उभा राहिला, आणि पुढे १९७२ पासून चेतक याच घराण्यात जन्मली. पुण्याच्या जुन्या स्कूटर मेस्त्रीच्या पेटीत सर्वांत जास्त झिजलेला पाना म्हणून ११ चा सापडतो. त्याच्या दांड्यावर गावाचे नाव असेल तर ते अवश्य वाचावे.